बालशिक्षणाचें वाङ्मय आणि वऱ्हाडचें अंगण

मराठी वाङ्मयाचा आढावा घेणारे टीकाकार कविता, कादंबरी व नाटक यांचा परामर्श विस्तारानें घेतात. निबंध आणि चरित्र यांनाही कोठें तरी जागा देतात. परंतु लहान मुलांच्या आईबापांसाठीं आणि शिक्षिकांसाठीं जें वाङ्मय गेल्या शंभर वर्षांत आपल्या भाषेंत निर्माण झालें, त्याची वाङ्मय या नात्यानें चिकित्सा करण्याची प्रथा आपल्याकडे फारशी पडली नाहीं. तें उपयुक्त म्हणून गौरविलें जातें, आणि उपयुक्त म्हणूनच बाजूस ठेवलें जातें. वस्तुतः या पुस्तकांवर घरोघरच्या मुलांचें सुखदुःख थोडेंफार अवलंबून असतें. एखादी कादंबरी फसली तर वाचकाचे दोन तास वाया जातात; बालसंगोपनाचें पुस्तक फसलें तर त्याची किंमत, ज्याला तें वाचतां येत नाहीं अशा तीन वर्षांच्या जीवाला द्यावी लागते. म्हणून या वाङ्मयाला टीकेचे निकष अधिक सौम्य नव्हे, अधिक कडक लावले पाहिजेत असें मला वाटतें.

गेल्या दिवाळींत अकोल्यास पुतण्याच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. त्याचा मुलगा साडेतीन वर्षांचा. घर सुशिक्षित, सुस्थित आणि मुलावर जीव टाकणारें. मुलाच्या खोलींत एक फळी केवळ त्याच्या विकासासाठीं राखलेली होती. तिच्यावर इंग्रजी अक्षरांचे ठोकळे, रंगीत तक्ते, गिरवण्याच्या छापील वह्या, आणि आईबापांनीं वाचावयाचीं तीन जाड पुस्तकें होतीं. मुलगा मात्र अंगणांत बसला होता. आजीनें वातींच्या कापसांतून काढलेली सरकी तो एका वाटींतून दुसऱ्या वाटींत ओतीत होता, आणि ओततांना होणारा आवाज ऐकण्यासाठीं मधूनच थांबत होता. वाटी भरली कीं सरकी सांडे. सांडली कीं एकएक बी वेंचून तो पुन्हां भरी. असें पाऊण तास चाललें. इतक्यांत त्याची आई बाहेर आली आणि मला म्हणाली, "काकाजी, याचं मन कशातच लागत नाही हो. शाळेतून रोज दोन पानं येतात, अन् हा हात लावत नाही." पाऊण तास ज्याचें मन एका कामांत जडलें होतें, त्याच्याविषयीं हे उद्गार निघावे, आणि तेही अतिशय प्रेमळ आईच्या तोंडून, याचें मला नवल वाटलें. दोष तिचा नव्हता. तिच्या फळीवरील तिन्ही पुस्तकें मीं त्या रात्रीं चाळलीं. मुलाकडून काय करून घ्यावें हें त्यांत पानोपानीं होतें. मुलाकडे कसें पाहावें हें कोठेंही नव्हतें.

मुलाकडे पाहावयास शिकविणारें वाङ्मय मराठींत नाहीं असें मात्र नव्हे. तें ज्यांच्या लेखणींतून मुख्यतः उतरलें त्या ताराबाई मोडक एके काळीं याच वऱ्हाडच्या रहिवासी होत्या. १८९२ सालीं मुंबईंत, प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते सदाशिव पांडुरंग केळकर यांच्या घरीं त्यांचा जन्म झाला. १९१४ सालीं त्या पदवीधर झाल्या, आणि अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशीं विवाह होऊन अमरावतीस आल्या. तो विवाह टिकला नाहीं. १९२१ सालीं घटस्फोट झाला. त्या काळीं घटस्फोटित स्त्रीला समाजांत काय सोसावें लागे हें निराळें सांगावयास नको. पुढें त्या सौराष्ट्रांत गेल्या, आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ति बालमंदिरांत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. १९२६ सालीं या उभयतांनीं नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. १९३६ सालीं ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार सुरू केलें. मराठी 'शिक्षण पत्रिके'च्या संपादनाचें कामही त्यांनीं केलें. आणि मॉन्टेसरीचें शास्त्र मराठी घरांतल्या माजघरापर्यंत पोंचविण्याचें श्रेय या लेखनाला दिलें पाहिजे.

या संप्रदायाचा मूळ गाभा कोणता, हें आधीं नीट ओळखलें पाहिजे; कारण आजचा घोटाळा तेथेंच झाला आहे. मॉन्टेसरी म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें साधनें येतात: एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणाऱ्या दहा घनांचा गुलाबी मनोरा, दट्ट्या असलेले लांकडी ठोकळे, खरखरीत कागदाचीं अक्षरें. पण १९०७ सालीं रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तींत बालगृह उघडणाऱ्या मॉन्टेसरीबाई व्यवसायानें डॉक्टर होत्या. वैद्य जसा औषधाआधीं रोग्याकडे पाहतो, तसें त्यांनीं शिकविण्याआधीं मुलाकडे पाहिलें. मूल आपण होऊन एकच कृति पुनःपुन्हां करतें, त्या वेळीं भोवतालचें भान विसरतें, आणि काम संपल्यावर थकण्याऐवजीं ताजेंतवानें दिसतें, हें त्यांना दिसलें. साधनें त्या दर्शनांतून निघालीं. म्हणजे साधन हें फळ होय, आणि निरीक्षण हें झाड. झाड न लावतां बाजारांतून फळें आणून फांदीला बांधलीं, तर ती बाग होत नाहीं.

गिजुभाई आणि ताराबाई यांनीं हा गाभा अचूक उचलला. मुलाला मारूं नये इतकेंच सांगून गिजुभाई थांबले नाहींत. त्याला बक्षिसाची लालूचही दाखवूं नये असा त्यांचा आग्रह होता, कारण भय आणि लोभ हीं दोन्ही मुलाला कामापासून दूर नेऊन मोठ्यांच्या तोंडाकडे पाहावयास लावतात. ताराबाईंच्या पुस्तकांचीं नांवेंच पाहा: 'बालकांचा हट्ट', 'बिचारीं बालकें', 'बालविकास व शिस्त'. ज्या समाजांत हट्ट म्हणजे मुलाचा अवगुण आणि शिस्त म्हणजे मोठ्यांची छडी असा सार्वत्रिक समज होता, तेथें मुलाच्या बाजूनें वकीलपत्र घेणारी ही भाषा नवीन होती. हट्टामागें मुलाची कोणती तरी गरज असते, ती मोठ्यांना दिसत नाहीं म्हणून हट्ट वाढतो, हा विचार आज सामान्य वाटतो; परंतु तो सामान्य होण्यासाठीं कोणाला तरी तो वर्षानुवर्षें मांडावा लागला.

आतां वाङ्मय या नात्यानें या लेखनाकडे वळूं. बालशिक्षणावरील लेखनाचे ढोबळ मानानें दोन प्रकार पडतात. पहिल्यांत लेखक आईबापांना उपदेश करतो: हें करावें, तें करूं नये. दुसऱ्यांत तो एक विशिष्ट मूल, एका विशिष्ट दिवशीं, एका विशिष्ट वस्तूशीं काय करीत होतें तें सांगतो, आणि निष्कर्ष काढण्याचें काम बरेंचसें वाचकावर सोंपवितो. पहिला प्रकार पटतो पण टिकत नाहीं. दुसरा वाचकाच्या डोळ्यांत शिरतो. गिजुभाईंचें 'दिवास्वप्न' हें मूळ गुजराती पुस्तक आजही अनेक भाषांतून वाचलें जातें, याचें कारण त्यांतील शिक्षणतत्त्वें हें नव्हे. चौथीचा एक वर्ग प्रयोगासाठीं मागून घेणाऱ्या शिक्षकाची ती कथा आहे. पहिल्या दिवशींचा त्याचा फजितवाडा, मुलांचा गोंगाट, सहकाऱ्यांचे टोमणे हें सर्व तिच्यांत येतें. प्रयोगकर्ता स्वतः चुकतो, म्हणून वाचक त्याच्यावर विश्वास ठेवतो. उलट, याच परंपरेंतील जें लेखन सूत्ररूपानें आलें, तें आज जुन्या पंचांगासारखें वाटतें. तात्पर्य, ज्या लेखनांत मूल दिसतें तें जगलें, आणि ज्यांत केवळ मुलाविषयींचें मत दिसतें तें मागें पडलें. हा निकष पुढेंही उपयोगी पडेल.

या वाङ्मयाचे गुण सांगितले, तसे दोषही सांगितले पाहिजेत. तें प्रामुख्यानें शहरांतील, वाचतां येणाऱ्या, आणि दुपारीं दोन घटका मोकळ्या असलेल्या आईला उद्देशून लिहिलें गेलें. बाप त्यांत क्वचितच येतो, आणि आला तर बहुधा रागावण्यासाठीं येतो. कापूस वेंचणीच्या दिवसांत पहांटे भाकरी बांधून शेतांत जाणारी आणि दिवेलागणीला परतणारी बाई या वाङ्मयाची वाचक नव्हती. तिचें मूल सांभाळणारी सात वर्षांची ताई तर नव्हतीच नव्हती. शिवाय मुलाची बाजू घेण्याच्या भरांत आईबापांना अपराधी ठरविण्याची एक लकब या लेखनाला जडली. अपराधी वाटणारा मनुष्य पाहूं शकत नाहीं. तो फक्त घाईघाईनें प्रायश्चित्त शोधतो. आजचा बाजार तें प्रायश्चित्त खोक्यांत घालून विकतो.

परंतु ताराबाईंचें मोठेपण असें कीं, आपल्या कार्याची ही मर्यादा त्यांनीं स्वतःच ओळखली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, १९४५ सालीं, मुंबईंतील बसलेला जम सोडून त्या ठाणें जिल्ह्याच्या त्या वेळच्या हद्दींतील बोर्डी या गांवीं गेल्या. तेथें अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आणि १९५७ पासून कोसबाडची टेकडी हें त्यांच्या कामाचें केंद्र झालें. बालवाडी उघडली तरी गरीब वस्तींतलीं मुलें येत ना, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. आज देशभर पसरलेल्या 'अंगणवाडी' या शब्दाचें मूळ या प्रयोगांत आहे. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरविली, तिला 'कुरणशाळा' हें नांव पडलें. आधीं मुलांचे हातपाय धुवावे, केंस विंचरावे, मग गाणें, मग खेळ. परदेशी धर्तीचीं महाग साधनें बाजूस राहिलीं. शंखशिंपले, बिया, पानें, काड्या, गारगोट्या आणि माती यांनीं त्यांची जागा घेतली. साधन बदललें, दृष्टि तीच राहिली. साधन हें गौण आहे याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? अनुताईंचें 'कोसबाडच्या टेकडीवरून' हें आत्मकथन मला या सर्व वाङ्मयांत अधिक मोलाचें वाटतें तें याच कारणानें; तेथें शास्त्र माणसांच्या अंगाखांद्यावर वाढतांना दिसतें.

हीच दृष्टि घेऊन आपल्या वऱ्हाडाकडे पाहूं. मॉन्टेसरीच्या साधनांत ध्वनिपेट्यांच्या जोड्या असतात. बाहेरून सारख्या, आंत निरनिराळे पदार्थ. हलवून आवाजावरून जोडी लावावयाची. आतां आपली भुलाबाई आठवा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळीं मुली गाणीं म्हणतात, आणि गाणीं संपलीं कीं झांकलेला डबा हलवून आंतला खाऊ ओळखावयास सांगतात. फुटाणे कसे वाजतात, लाडू कसा घरंगळतो आणि शिरा मुळींच कां वाजत नाहीं, हें पांच वर्षांची मुलगी कानानें जाणते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं विदर्भांत तान्हा पोळा भरतो. मुलें लांकडी बैल सजवून घेऊन येतात, आणि मोठ्यांच्या जगाची तालीम आपल्या मापानें करतात. ज्वारीच्या धांड्याचें साल सोलून आणि आंतला भेंडा कापून बैलगाडी करणाऱ्या बोटांना जो व्यायाम घडतो, तो कोणत्याही गिरवण्याच्या वहीनें घडणार नाहीं. तुऱ्हाटीच्या आणि पऱ्हाटीच्या काड्या लांबीप्रमाणें लावतां येतात, चिंचोके मोजतां येतात, सीताफळाच्या बिया आणि सरकी डोळे मिटून स्पर्शानें वेगळ्या करतां येतात.

तथापि आमच्याकडे सर्व कांहीं होतेंच असें म्हणून मिशीवर ताव देण्यांत अर्थ नाहीं. भुलाबाईचा डबा आणि ध्वनिपेटी यांत फरक आहे, आणि तो समजून घेणें हेंच टीकेचें काम होय. ध्वनिपेटींत क्रम आहे. ठळक भेदाकडून सूक्ष्म भेदाकडे मूल एकएक पायरी चढतें. तिच्यांत चुकीची दुरुस्ती साधनच करतें. जोडी जमली नाहीं तर मुलाला तें कोणीं सांगावें लागत नाहीं. डब्यांत क्रम नाहीं, आणि चूक झाली तर दहा जणी हंसतात. उलट डब्यांत जें आहे तें पेटींत नाहीं: भाषा, गाणें, सोबत, आणि शेवटीं वांटून खाण्याचा आनंद. आईनें किंवा सेविकेनें आज दोनच पदार्थ ठेवावे, उद्यां तीन, मग एकमेकांसारखे वाजणारे. आणि कोण कशावरून ओळखतें हें टिपून ठेवावें. म्हणजे परंपरेला शास्त्राचा कणा मिळतो, आणि शास्त्राला परंपरेचें रक्तमांस. केवळ अभिमान किंवा केवळ अनुकरण यांतून हें व्हावयाचें नाहीं.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. वऱ्हाडांतील मूल घरीं 'मले पायजे' म्हणतें. शाळेंत किंवा बालवर्गांत पहिल्याच दिवशीं त्याला 'मला पाहिजे' असें म्हणावयास लावलें जातें, आणि अमरावती व अकोला शहरांतील पुष्कळ वर्गांत त्याहीपुढें जाऊन इंग्रजींत मागावयास लावलें जातें. ज्याला पाणी मागतांना शब्द बदलावा लागतो, तें मूल पाणी मागावयाचेंच टाळतें. मेळघाटांतील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत तर कोरकू मुलाची मातृभाषा मराठीची बोलीही नव्हे. ती मुंडा कुळांतली स्वतंत्र भाषा आहे. त्या मुलाच्या दृष्टीनें आपली प्रमाण मराठी आणि इंग्रजी सारख्याच दूरच्या. बालशिक्षणाच्या पुस्तकांत 'मातृभाषेंतून शिक्षण' हें वचन सर्वत्र छापलेलें असतें. पण तें वचन ज्या मराठींत छापलेलें असतें ती मराठी कोणाची मातृभाषा, हा प्रश्न तीं पुस्तकें विचारीत नाहींत.

अलीकडच्या सरकारी साधनांविषयीं मात्र न्यायानें बोललें पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ हीं वर्षें पायाभूत टप्पा म्हणून मानलीं. २०२२ सालीं त्या टप्प्याचा राष्ट्रीय आराखडा निघाला. २०२३ सालीं खेळणीं, कोडीं व चित्रपत्रें यांचा 'जादुई पिटारा' आला. या सर्वांची तात्त्विक भूमिका खेळाची आणि मातृभाषेचीच आहे, आणि ती गिजुभाई-ताराबाईंच्या भूमिकेपासून फार दूर नाहीं. पण एका वाक्याचा परिणाम उलटा झाला. मुलाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आंत होतो, असें धोरणांत म्हटलें आहे. त्याचा आशय असा कीं, या वयांत मुलाला पोषण, प्रेम, बोलणें आणि खेळ भरपूर मिळावा. जाहिरातदारांनीं त्याचा अर्थ असा केला कीं, सहा वर्षांच्या आंत जें शिकवून घेतलें नाहीं तें कायमचें गेलें. मग तिसऱ्या वर्षीं हातांत पेन्सिल येते. मनगटांत आठ लहान हाडें असतात. जन्माच्या वेळीं तीं कूर्चेच्या रूपांत असतात आणि पुढें क्रमाक्रमानें कठीण होत जातात. सर्वांत शेवटचें हाड तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान घडूं लागतें. अशा मनगटाकडून ओळीच्या आंत शंभर उभ्या रेघा मागणें म्हणजे कोंवळ्या वांसराला औताला जुंपणें होय. वऱ्हाडांतला कोणताही शेतकरी वांसराच्या बाबतींत ही चूक करणार नाहीं.

मग मुलाच्या बाबतींत तो ती कां करतो? येथें आईबापांना मूर्ख ठरवून मोकळें होणें सोपें आहे, आणि बालशिक्षणाच्या लेखकांनीं तें पुष्कळदां केलेंही आहे. मला तें मान्य नाहीं. याच अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं खेडोपाडीं कीर्तनांतून लोकांना पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवा म्हणून सांगितलें. पंजाबराव देशमुखांनीं १९३२ सालीं अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारून बहुजनांच्या मुलांना दार उघडलें. तो उपदेश वऱ्हाडच्या हाडींमासीं खिळला आहे. कापसाचा भाव पडला तरी फी भरणारा बाप शिक्षणावर श्रद्धा ठेवतो, म्हणूनच भरतो. फी भरल्यावर त्याला कांहीं तरी दिसावयास हवें, आणि भरलेली वही ही त्याला मिळणारी एकमेव पावती असते. मुलानें आज पंचवीस मिनिटें मन लावून बिया निवडल्या, काल रडणाऱ्या मैत्रिणीला पाणी दिलें, परवां पहिल्यांदा 'कालच्यापेक्षां' हा शब्द वापरला, या प्रगतीची पावती त्याला कोणीं कधीं दिलीच नाहीं. तो रेघा मागतो, कारण आपण त्याला दुसरें कांहीं पाहावयास शिकविलें नाहीं.

आतां या वाङ्मयाकडून आपली मागणी काय, तें स्पष्ट सांगतां येईल. अधिक तक्ते, अधिक खोकीं, अधिक सूचना यांची वाण आपल्याला नाहीं. अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर वजनांच्या, लसीकरणाच्या, आहाराच्या नोंदींचा भार आधींच आहे, आणि मोबाइलवर आंकडे भरण्यांत तिचा वेळ जातो. तिला आणखी एक तक्ता देण्यापेक्षां रोज एका मुलाकडे दहा मिनिटें नुसतें पाहण्याची आणि त्याविषयीं चार ओळी आपल्या बोलींत लिहिण्याची मुभा द्यावी. महिन्याअखेरीस त्या ओळी आईबापांना वाचून दाखवाव्या. शक्य तर बापाला आवर्जून बोलवावें. शहरांतील बालवर्गांनींही तेंच करावें. वर्षादोन वर्षांत अशा नोंदींतून जें पुस्तक तयार होईल, तें वऱ्हाडचें खरें बालशिक्षणाचें पुस्तक होईल. त्यांत 'मले' असेल, कोरकू शब्द असतील, सरकी आणि धांडे असतील, आणि मुख्य म्हणजे त्यांत मूल असेल.

असें लेखन वऱ्हाडाला परकें आहे असें कोणीं समजूं नये. याच अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूर येथें तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसांमाणसांकडून गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. आणि त्याची रीत कोणती? थोर पुरुष कोठें बसले, काय बोलले, वाटेंत काय झालें, हें लहानसहान तपशिलासह जसें घडलें तसें सांगावयाचें, बोलणाऱ्याच्या बोलींत. ज्या भूमींत पाहिलेलें जपून ठेवण्याच्या निष्ठेंतून मराठी गद्य उभें राहिलें, त्या भूमीनें आपल्या मुलांच्या लीळा लिहून ठेवूं नयेत, आणि परक्या खोक्यांवरच्या सूचना वाचीत बसावें, ही शोचनीय गोष्ट आहे.

अकोल्याहून निघण्याच्या दिवशीं मीं सूनबाईंना इतकेंच सुचविलें कीं, उद्यां सकाळीं त्याला हांक मारण्यापूर्वीं थोडा वेळ दारांत उभें राहून तो काय करतो तें पाहावें, आणि मला पत्रानें कळवावें. पंधरा दिवसांनीं पत्र आलें. त्यांत शाळेच्या पानांचा उल्लेख नव्हता. 'काकाजी, तो आतां सरकी ओततांना वाटी तिरपी धरतो, म्हणून सांडत नाहीं. हें त्याला कोणी शिकवलं नाही,' एवढेंच एक वाक्य त्या विषयावर होतें. बालशिक्षणाच्या अनेक ग्रंथांपेक्षां मला तें वाक्य अधिक मोलाचें वाटलें. कारण तें मुलाकडे पाहून लिहिलेलें होतें. अशीं वाक्यें लिहिणाऱ्या आया, बाप आणि सेविका वऱ्हाडांत घरोघर निर्माण होतील, तर ताराबाईंचें अमरावतीशीं तुटलेलें नातें पुन्हां जुळलें असें म्हणतां येईल.